मंजूर झालेला टॉवर रद्द का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहराच्या मध्यवर्ती भागात साठ मजली टॉवर होणार होता: खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, मग हॉटेल आणि सगळ्यात वर फ्लॅट. चित्रं छापून आली, हरकती-सुनावण्या झाल्या, मंजुरीही मिळाली. तीन वर्षांनी डेव्हलपरने दोन ओळींचं पत्र देऊन प्रस्ताव मागे घेतला. जागेवरची जुनी इमारत भाडेकरूंकडून रिकामी करून घेतली आहे, पण ती अजून उभी आहे. तुम्ही विचारता की मंजुरी असताना हे कसं झालं, मुळात हा बनावच होता का, आणि आता त्या जागेचं काय होणार.

उंच इमारतींची आखणी आणि त्यांचं आर्थिक गणित जुळवणं यात माझी वीसेक वर्षं गेली. माझ्या हातून गेलेल्या प्रस्तावांत बांधलेल्यांपेक्षा न बांधलेलेच जास्त आहेत, त्यामुळे या विषयावर मी जरा अधिकाराने बोलू शकतो.

मंजुरी म्हणजे बांधायची मुभा. बांधायची ऐपत ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मंजुरीच्या फायलीत कुठेच तपासली जात नाही. उंची नियमात बसते का, सावली कुठे पडते, गाड्या कुठून आत येतील, अग्निशमनाची गाडी कुठे उभी राहील, हे सगळं पाहिलं जातं. पैसे कुठून येणार, हे कोणी विचारत नाही. विचारायचा अधिकारही बहुतेक ठिकाणी नसतो.

आकडे सोपे करून सांगतो. समजा टॉवर पुरा होऊन नीट भरला तर त्याची किंमत 120 होईल. एकक कुठलंही धरा. बांधकामाला 70 लागतात. आर्किटेक्ट, सल्लागार, परवानग्या, विमा, विक्रीचा खर्च मिळून 10. बांधकाम चालू असतानाचं व्याज 10. एवढी जोखीम अंगावर घ्यायची तर डेव्हलपर आणि त्याचे गुंतवणूकदार यांना किमान 18 सुटायला हवेत. राहिले 12. जमिनीला देण्यासाठी एवढेच. आमच्या शीटवर जमिनीची किंमत ही अशी सगळ्यात शेवटी, वजाबाकी करून निघते. प्रत्यक्षात डेव्हलपर ती सगळ्यात आधी देऊन बसलेला असतो.

आता बांधकाम फक्त दहा टक्क्यांनी महाग होऊ द्या, म्हणजे 77. व्याज दुप्पट होऊ द्या, म्हणजे 20. बाकी एकाही आकड्याला हात लावू नका. 77, 10, 20 आणि 18 यांची बेरीज 125 होते. म्हणजे जमीन फुकट मिळाली तरी पाच कमीच. यात फ्लॅटचे भाव पडले नाहीत, ऑफिसची भाडी उतरली नाहीत, कोणी कोणाला फसवलं नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर मार्च 2022 च्या सुरुवातीला शून्याला टेकलेला होता आणि जुलै 2023 मध्ये तो 5.25 ते 5.50 टक्क्यांवर पोहोचला. बांधकामाची कर्जं बहुतेक बदलत्या दराची असतात. त्या सोळा महिन्यांत ज्यांची मंजुरी हातात होती पण कर्जाचा करार व्हायचा होता, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या शीटवर ही वजाबाकी उलटी झाली.

पण व्याज सगळ्यांनाच महाग झालं, मग तुमच्या टॉवरसारखे, एकाच इमारतीत दुकानं, ऑफिसं, हॉटेल आणि फ्लॅट असलेले मिश्र वापराचे टॉवरच जास्त का अडतात? घोडं पेंड खातं ते इथे.

मिश्र वापराची जाहिरात अशी केली जाते की चार पायांवर उभी असलेली गोष्ट पडत नाही. ऑफिस बाजार मंदावला तर फ्लॅट सांभाळतील, फ्लॅट अडले तर हॉटेल कमावेल. बांधून पुरी झालेल्या, चालत्या इमारतीबाबत हे बऱ्यापैकी खरं आहे. न बांधलेल्या इमारतीबाबत नेमकं उलटं होतं. मोठ्या भूखंडावर शेजारी शेजारी चार इमारती बांधायच्या असतील तर आधी फ्लॅट बांधा, ते विकून आलेल्या पैशात दुकानं काढा, ऑफिसचा कोपरा दहा वर्षं मोकळा ठेवा. कोणाचं काही अडत नाही. टॉवरमध्ये फ्लॅट हे हॉटेलच्या डोक्यावर असतात आणि हॉटेल ऑफिसांच्या. मधले पंचवीस मजले ‘पुढच्या टप्प्यात’ असं लिहून वर जाता येत नाही. पाया पहिल्या दिवशी साठाच्या साठ मजल्यांचा घालावा लागतो. म्हणजे चारही धंदे एकाच दिवशी तयार पाहिजेत, आणि त्यातला सगळ्यात लंगडा जो, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं.

आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. ऑफिसच्या भागासाठी बँक म्हणते, आधी एक मोठा भाडेकरू बांधून आणा. त्या भाडेकरूच्या सध्याच्या जागेचा करार ठरावीक तारखेला संपणार असतो, म्हणून त्याला ताब्याची पक्की तारीख हवी. फ्लॅटसाठी बँक म्हणते, अमुक इतकं आगाऊ बुकिंग दाखवा. बुकिंग करणाऱ्यांच्या करारात मुदत असते, ती उलटली की ते अनामत परत मागू शकतात. दुकानवाले म्हणतात, वर किती लोक येणार ते आधी कळू दे.

एक बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. बँकेच्या अधिकारी बाई समोर बसल्या होत्या. आम्ही दोनशे पानांचा बांधीव अहवाल दिला होता. मुखपृष्ठावर संध्याकाळच्या उजेडात झळाळणारा टॉवर. बाईंनी ते पान उलटलं, पुढची दीडशे पानं अंगठ्याखालून सरकवली आणि थेट परिशिष्टातल्या भाडेकराराच्या मसुद्यावर आल्या. पेन्सिलने एका तारखेभोवती गोल केला. बारा मजले घेणाऱ्या भाडेकरूला त्या तारखेपर्यंत जागा मिळाली नाही तर करार आपोआप रद्द, असं ते कलम होतं. मग त्यांनी फ्लॅटच्या बुकिंगचा तक्ता काढला, महिने मोजले आणि विचारलं, “हे दोन्ही एकत्र कुठे बसतंय?” बसत नव्हतंच. फ्लॅटचं बुकिंग हवं तेवढं व्हायला आणखी चार महिने लागले, तोवर भाडेकरूने दुसरीकडे सही केली. भाडेकरू गेला म्हणून बँक गेली, बँक गेली म्हणून फ्लॅटवाल्यांच्या अनामती परत कराव्या लागल्या. बाहेर चर्चा अशी झाली की लोकांच्या विरोधामुळे प्रकल्प बारगळला. विरोध करणाऱ्यांनी पेढे वाटले असतील. खरं काम त्या पेन्सिलने केलं होतं.

हॉटेलबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण लोकांची सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. चित्रावर जगप्रसिद्ध हॉटेलचं नाव असलं की वाटतं, एवढा मोठा ब्रँड पैसे घालतोय म्हणजे प्रकल्प पक्का. ब्रँड सहसा एक पैसाही घालत नाही. तो हॉटेल चालवायचा करार करतो आणि त्याबद्दल फी घेतो. इमारत, पलंग, पडदे, स्वयंपाकघर, सगळा खर्च मालकाचा. उलट मालकाने लॉबीची उंची किती ठेवायची, खोलीची रुंदी किती, कुठली लिफ्ट फक्त पाहुण्यांसाठी, याची जाडजूड नियमावली ब्रँडच मालकाच्या हाती देतो. चारही वापरांत हॉटेलला पैसे देणारा शोधणं सगळ्यात कठीण. त्याचं भाडं वर्षाचं नसतं, रात्रीचं असतं. उद्या खोली भरेल की नाही, हे आज माहीत नसतं. म्हणून सुधारित नकाशात हॉटेल गायब झालं की मी समजतो, गाडं अडलंय.

आता नकाशाकडे या. वरून एकसंध दिसणारा काचेचा खांब आतून चार वेगळ्या इमारतींचा असतो, आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही. ऑफिसला खोल मजला चालतो. मधल्या गाभ्यापासून, म्हणजे जिथे लिफ्ट आणि जिने असतात तिथपासून, काचेपर्यंत बारा-चौदा मीटर. फ्लॅटमध्ये तेवढी खोली दिली तर आतल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही. तिथे आठ-नऊ मीटर पुरे. हॉटेलला मधे बोळ आणि दोन्हीकडे खोल्या, म्हणजे लांब आणि अरुंद मजला. खाली गाड्या लावायच्या तर कॉलमची जागा गाड्या ठरवतात, खोल्या नव्हे. मग वरचे कॉलम खालच्या कॉलमवर येत नाहीत, आणि त्यांचा भार बाजूला वळवायला एखादा अख्खा मजला भरेल एवढे गर्डर घालावे लागतात. तो मजला विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. फ्लॅटच्या बाथरूमचे पाइप हॉटेलच्या खोल्यांतून, मग ऑफिसच्या छतातून वळणं घेत खाली आणावे लागतात. शिवाय प्रत्येकाला वेगळी लिफ्ट आणि वेगळं दार.

याचा सगळा भार शेवटी तळमजल्यावर येतो. चार लॉब्या, सामान उतरवायचा धक्का, कचऱ्याची खोली, ट्रान्सफॉर्मर, अग्निशमन नियंत्रण कक्ष, पार्किंगचा उतार एवढं बसवल्यावर रस्त्याकडेला दुकानांसाठी जी जागा उरते, ती पाहून मला नेहमी जिन्याखालची अडगळ आठवते. चित्रात मात्र तिथेच कॅफे, झाडं आणि फुगा धरलेलं मूल असतं.

याचं उत्तर कोणाला सापडलंच नाही असं नाही. शिकागोची जॉन हँकॉक इमारत पाहा. 100 मजले, खाली दुकानं आणि पार्किंग, मधे ऑफिसं, वर घरं. ब्रूस ग्रॅहम हे आर्किटेक्ट आणि फझलुर खान हे स्ट्रक्चरल इंजिनीअर. तळाशी सुमारे 265 बाय 165 फूट असलेली इमारत वर जाता जाता 160 बाय 100 फुटांपर्यंत निमुळती होते. रुंद मजले ऑफिसला मिळाले, अरुंद मजले घरांना, आणि भार बाहेरच्या तिरप्या बांधणीने पेलला. आकार आणि वापर यांची इतकी नेटकी सांगड मी दुसरीकडे क्वचित पाहिली आहे. पण ती सुरू करणारे डेव्हलपर जेरी वुलमन यांच्या हाती ती राहिली नाही. 1966 मध्ये पायाच्या काँक्रीटमध्ये दोष निघाला, एक कॉलम खचला, काम महिनोन्महिने थांबलं. व्याज थांबलं नाही. वुलमन आर्थिक संकटात सापडले आणि प्रकल्प जॉन हँकॉक विमा कंपनीकडे गेला. इमारतीवर 2018 पर्यंत नावही त्या कंपनीचंच होतं.

आता बनावाचा प्रश्न. सरळ उत्तर देतो: बहुधा नाही, पण तुम्हाला वाटला तेवढा पक्का बेतही नसावा. जमिनीला मंजुरी चिकटली की तिची किंमत वाढते, आणि काही जणांचा धंदाच तेवढा असतो. जमिनीवर हक्क मिळवायचा, मोठा आराखडा मंजूर करून घ्यायचा आणि मंजुरीसकट जमीन विकायची. स्वतः बांधायचा विचार त्यांनी कधी केलेलाच नसतो. हे बेकायदा नाही. मला व्यक्तिशः ते आवडत नाही, कारण लोक सुनावण्यांत आपल्या कित्येक संध्याकाळी घालवतात त्या एका इमारतीसाठी, आणि हातात येते विकाऊ जमीन.

खरा हेतू ओळखायचा असेल तर पैसे कशावर खर्च झाले ते बघा. झळाळती चित्रं स्वस्त असतात. मातीची तपासणी, खोल बोअर, वाऱ्याच्या बोगद्यातली चाचणी, म्हणजे छोट्या प्रतिकृतीवर वारा सोडून पाहणं, आणि सगळ्यात महाग म्हणजे बांधकामाचे तपशीलवार नकाशे, हे कोणी हौसेने करत नाही. मंजुरीच्या फायलीत भू-तांत्रिक अहवाल असेल आणि बोअर खडकापर्यंत नेलेले असतील तर डेव्हलपरला त्या वेळी तरी बांधायचं होतं. फाइल नुसत्या चित्रांनी फुगलेली असेल तर तुम्ही समजायचं ते समजा.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला आत्ता पटणार नाही: तुमच्या शहराचं नशीब बरं. टॉवर कागदावर मेला. खड्ड्यात मेला असता तर काय होतं, याची उदाहरणं मोठमोठ्या शहरांत आहेत. शिकागोतच 2005 मध्ये सान्तियागो कालात्राव्हा यांच्या आराखड्याने 2000 फूट उंचीचा पिळदार टॉवर जाहीर झाला. सुरुवातीच्या आराखड्यात हॉटेल होतं. डेव्हलपर बदलला, हॉटेल गेलं, सगळे फ्लॅट झाले. 2007 मध्ये काम सुरू झालं, 2008 मध्ये थांबलं. मागे उरला तो शंभर फुटांहून रुंद आणि सुमारे 75 फूट खोल गोल खड्डा. नदी आणि सरोवर जिथे भेटतात तिथली मोक्याची जागा. ती 2014 मध्ये दुसऱ्या डेव्हलपरकडे गेली आणि तिथल्या नव्या, कितीतरी ठेंगण्या टॉवरचं काम 2024 मध्ये सुरू झालं. त्याच शहरात वॉटरव्ह्यू टॉवर हा हॉटेल आणि फ्लॅट मिळून जवळपास नव्वद मजल्यांचा होणार होता. 2008 मध्ये 26 व्या मजल्यावर थांबला. काही वर्षं तो काँक्रीटचा सांगाडा नदीकाठी तसाच उभा होता. पुढे त्याच सांगाड्यावर साठ मजल्यांची भाड्याच्या घरांची इमारत चढली, 2014 मध्ये पुरी झाली. हॉटेल आणि फ्लॅटचं कडबोळं सोडून एकच वापर धरला, तेव्हा काम पुढे सरकलं.

लॉस एंजेलिसमधला ओशनवाइड प्लाझा 2019 च्या सुरुवातीला थांबला. तीन टॉवर, त्यात घरं, हॉटेल आणि दुकानं होणार होती. 2024 मध्ये पोरांनी आत शिरून मजल्यामागून मजले स्प्रेच्या रंगाने रंगवले, तेव्हा जगाला तो माहीत झाला. बॉस्टनमध्ये फायलीन्स या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेवर पाडकाम झालं आणि 2008 मध्ये पैसे अडले. बाजारपेठेच्या ऐन मध्यावर काही वर्षं खड्डा राहिला, आणि आजूबाजूच्या दुकानांची गिऱ्हाइकं त्या कुंपणाला वळसा घालून जात राहिली. तिथे 2016 मध्ये टॉवर उभा राहिला खरा, पण वेगळ्या डेव्हलपरचा.

म्हणून आता त्या जागेचं काय, याचं उत्तर टॉवरपेक्षा तुमच्या जुन्या इमारतीवर जास्त अवलंबून आहे. रिकामी इमारत मालकाला खर्चात टाकते: कर, विमा, पहारेकरी, गळणारं छप्पर. ती पाडून पार्किंग केलं की खर्च उतरतो, रोज रोकड येते आणि पुढचा खरेदीदार येईपर्यंत वाट बघायला काहीच घाई उरत नाही. मोक्याच्या जागांवरची ‘तात्पुरती’ पार्किंगं वीस-वीस वर्षं टिकलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा नगरपालिकेत जाऊन टॉवर पुन्हा कधी येणार हे विचारू नका, त्यांनाही ते माहीत नसतं. तीन गोष्टी विचारा. त्या जागेसाठी पाडकामाचा अर्ज आलाय का? मूळ मंजुरीची मुदत कधी संपते, आणि ती वाढवून मागितली आहे का? मुदतवाढ मागितली असेल तर जमीन विकायला काढली आहे असं धरून चाला. आणि तिसरी, सगळ्यात कामाची: बांधकामाच्या कर्जाचा करार झाल्याशिवाय पाडकामाला परवाना देऊ नये, अशी अट घालता येते का? काही ठिकाणी कायदा तशी मुभा देतो, काही ठिकाणी नाही. पण अर्ज येण्याआधी विचारलं तरच उपयोग. परवाना निघाल्यावर इमारत जमीनदोस्त व्हायला पंधरा दिवससुद्धा लागत नाहीत.

नवा प्रस्ताव आलाच, तर तो पंचवीस-तीस मजल्यांचा, खाली दुकानं आणि वर नुसती भाड्याची घरं असा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ऑफिसं इतक्यात कोणी घालणार नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत 2024 मध्ये ऑफिसच्या जागेपैकी जवळपास पाचवा हिस्सा रिकामा होता आणि बँका ते विसरलेल्या नाहीत. लोक त्या प्रस्तावाला नाकं मुरडतील, आधीचं चित्र किती देखणं होतं म्हणतील. तुम्ही सुनावणीला गेलात तर मुखपृष्ठ उलटा आणि तळमजल्याचा नकाशा मागा. रस्त्याकडेच्या भिंतीवर किती दारं आहेत ती मोजा. त्यातली किती दुकानांची आणि किती कचऱ्याच्या खोल्यांची, तेवढं आधी विचारा.